आठ हजारांतला सिनेमा

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं सूप कुणी विणलंय, ठाऊक आहे का? बाजारातून आणलं, एवढंच उत्तर बहुतेकींकडून येईल. माठ कुठला? तोही बाजारातला. आपल्याला ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंचं घर माहीत असतं, भाजीवालीची मुलगी यंदा कितवीत आहे तेही माहीत असतं. पण सूप, टोपली, रोवळी, माठ, चूल करणारं माणूस मात्र आपल्या लेखी बिनचेहऱ्याचं. बाजारात प्लास्टिकचं सूप आलं, रोवळीच्या जागी स्टीलची चाळण आली, धान्याची कणगी जाऊन पत्र्याची कोठी आली, आणि हे माणूस कधी मागे पडलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आमची लोधिवली खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला, चौकजवळ. एका अंगाला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या अंगाला इर्शाळगड आणि माथेरानचा डोंगर. मधल्या पट्ट्यात ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या. आणि गेल्या वीसेक वर्षांत जिकडेतिकडे फार्महाऊस आणि रिसॉर्ट! शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. या लोकांना घरात ठेवायला बांबूची टोपली हवी असते, ती ते मुंबईच्या मोठ्या दुकानातून येताना घेऊन येतात. आणि तीच टोपली विणणारा त्यांच्या कुंपणापासून दोन किलोमीटरवर बसलेला असतो. आमच्या बचत गटातल्या एकीने ही गोष्ट बैठकीत मांडली आणि म्हणाली, “आपण यांचा एक व्हिडिओ का काढू नये? मोबाईल तर सगळ्यांकडे आहे!”

झालं! गटातल्या सोळा जणींनी पाचशे-पाचशे रुपये काढले. आठ हजार जमले. २०२५च्या मे महिन्यातली ही गोष्ट. तीन घरं ठरवली: एक बुरुडाचं, एक टोपल्या आणि कोंबड्या झाकायचं डालगं विणणाऱ्या कातकरी जोडप्याचं, आणि एक कुंभारकाका.

आता हिशेब सांगते, कारण ‘व्हिडिओ म्हणजे लाखांचं काम’ असं प्रत्येकीला वाटतं. पाच कारागिरांची एका दिवसाची मजुरी, प्रत्येकी ६०० प्रमाणे ३,००० रुपये. कॉलरला लावायचा साधा माईक ९००. मोबाईलची तिपाई ७००. दोन दिवसांची रिक्षा १,२००. चहा, नाश्ता, जेवण १,१००. एक नवीन सिमकार्ड आणि रिचार्ज मिळून ४००. आणि एडिटिंग करणाऱ्या शेजारच्या कॉलेजकुमाराला ७००. तो “काकू, पैसे नकोत” म्हणत होता, पण घ्यायला लावले. फुकटच्या कामाला मुदत नसते, हा घरोघरचा अनुभव!

मजुरीच्या रकमेवरून गटात बराच वाद झाला. “त्यांचीच जाहिरात करतोय, वर त्यांनाच पैसे का द्यायचे?” असा एकीचा सवाल. वरवर बरोबर वाटतो. पण बुरुडाचा दिवस आमच्यासमोर बसण्यात गेला की त्या दिवसाचं विणकाम बुडालं. एकच पट्टी आम्हाला वेगवेगळ्या बाजूंनी दाखवायची म्हणजे हात थांबतात. आपण घरी कुणाला कामाला बोलावलं आणि “आज नुसत्या बसून राहा” म्हटलं, तर पैसे कापतो का? मग इथे का कापायचे? शेवटी सगळ्या जणी राजी झाल्या, आणि पुढच्या दोन दिवसांत कारागीर आमच्याशी इतक्या मोकळेपणाने वागले त्याचं निम्मं कारण ती मजुरी होती, असं माझं मत आहे.

कातकरी वाडीवर मात्र पैशाचा प्रश्नच नव्हता. तिथली बाई आधी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. म्हणाली, “ताई, आमच्याकडं कॅमेरा कधी येतो माहितीय का? कुनी मेलं की.” मी गप्प झाले. १९ जुलै २०२३च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या, चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ते दिवस इथला कुणीही विसरलेला नाही. तेव्हा टीव्हीवाल्यांच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. त्यांचं काम त्यांनी केलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण डोंगरातल्या माणसांच्या मनात कॅमेरा आणि दुःख यांची गाठ बसली आहे, ही खरी गोष्ट. त्या दिवशी आम्ही मोबाईल पिशवीत टाकला, तिच्याशी बोलत बसलो, तिने केलेला चहा प्यायलो आणि परत आलो. रिक्षाचे पैसे गेले म्हणून एक मैत्रीण हळहळली. चार दिवसांनी त्याच बाईचा निरोप आला, “या.”

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तो धंदा गेला. मग वीटभट्टी, कोळसाभट्टी, मजुरी. अशा घरात बांबूचं विणकाम टिकलं असेल तर ते कौतुकाचंच! पण ती बाई कौतुकाला भुलणारी नव्हती. तिची अट साफ होती. “हात दाखवा, टोपली दाखवा, माझं तोंड दाखवा. फाटकी भिंत दाखवू नका. पोराला उघडं दाखवू नका.” आम्ही एडिटिंग झाल्यावर तिला सगळा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला. एका जागी मागे ताडपत्री दिसत होती, तिने बोट ठेवलं. तेवढा तुकडा काढून टाकला.

याच्या अगदी उलट मागणी एका ओळखीच्या गृहस्थांची. त्यांचं इकडे फार्महाऊस आहे. म्हणाले, “वहिनी, त्यांना जरा पारंपरिक वेषात घ्या, डोक्यात फुलं-बिलं. तसं चालतं हल्ली.” कातकरी बाई त्या दिवशी मुद्दाम आपली नवी नायलॉनची साडी नेसून बसली होती! तिला ती आवडते, तिने ती स्वतः घेतली आहे. आपण कुणाच्या घरी फोटोला उभ्या राहिलो आणि “जुनी नऊवारी नेसा, त्यात तुम्ही खऱ्या दिसता” असं कुणी म्हटलं तर? साडी नायलॉनचीच राहिली.

आता थोडं तंत्राचं. उजेड ही पहिली अडचण. बुरुडकाका बसतात पडवीत, तिथे सावली. बाहेर मे महिन्याचं रणरणतं ऊन. मोबाईलमध्ये चेहरा काळा आणि मागचं अंगण पांढरंफटक दिसायला लागलं. लाईट भाड्याने आणायचे तर दिवसाचे हजार-पंधराशे. मग आम्ही घरातली पांढरी चादर आणली, दोघींनी दोन टोकं धरून उन्हात उभ्या राहिलो आणि उन्हाचा उजेड पडवीत परतवला. काकांच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसायला लागल्या!

ही युक्ती आमची नव्हे बरं का. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा सरस्वतीबाई फाळके अशाच पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९चा सिनेमा पुष्कळ जणींनी पाहिला असेल. पण मला त्याहून गंमत वाटते ती १९१२ सालच्या एका छोट्या चित्रणाची. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं-थोडं चित्रण करून त्याचं रोप कसं वाढतं ते दाखवलं. ‘अंकुराची वाढ’. एक कुंडी, एक वाटाणा आणि भरपूर धीर. कमी पैशातला प्रचाराचा व्हिडिओ म्हणायचा तर आपल्याकडचा पहिला हाच की!

आणि मौज पाहा, आमच्या या चौक-कर्जत पट्ट्यातच नितीन देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’चे महाल तिथेच उभे राहिले. देसाई २ ऑगस्ट २०२३ला गेले, सगळ्यांनाच चटका लावून. आमच्या कुंभारकाकांनी तिथला महाल रस्त्यावरून पाहिलेला. आमच्या चादरीकडे बघून म्हणाले, “त्यांचा किल्ला, तुमची चादर. पिक्चर ते पिक्चरच!”

दुसरी अडचण आवाजाची. जुना हायवे, त्याच्यावर कंटेनर, शिवाय कुठेतरी बांधकामाचा मिक्सर चालू असतोच. चित्र थोडं डगमगलं तर लोक सांभाळून घेतात, पण शब्द कळले नाहीत की लगेच पुढे सरकवतात. म्हणून माईकवर ९०० रुपये घातले ते सत्कारणी लागले. सकाळी साडेसहा ते नऊ काम करायचं, फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकायचा (नाहीतर भर चित्रणात सासूबाईंचा फोन येतो!), आणि लेन्स आधी पदराने पुसायची. एवढी तीन पथ्यं पाळली. एक मोठा, तीन मिनिटांचा व्हिडिओ आडवा धरून काढला आणि मोबाईलवर फिरवण्यासाठी पन्नास सेकंदांचा उभा.

सिनेमातलं गाणं मागे टाकू, असं तरुण मंडळी म्हणत होती. ते आम्ही टाळलं. दुसऱ्याचं गाणं परवानगीवाचून वापरलं की मालक हरकत घेतो आणि आवाजच बंद होतो. शिवाय गरज काय? बांबू उभा चिरताना जो ‘चर्रर्र’ आवाज येतो, माठाच्या आतून गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने काका जे ‘टप टप टप’ ठोकतात, ते संगीतच आहे. बुरुडकाकूंनी दोन ओव्या म्हटल्या, त्या शेवटी घातल्या. काकू लाजत होत्या. एकदा सुरू झाल्या मग थांबेचनात!

कुणी म्हणेल, शिकल्या-सवरल्या बायकांचं हे काम. तसं नाही. इलाबेन भट्ट यांच्या अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेत १९८४ साली ‘व्हिडिओ सेवा’ सुरू झालं. अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांनी तिथल्या बायकांना कॅमेरा शिकवला. त्यांत काही भाजी विकणाऱ्या, कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी माणेक चौकातल्या भाजीवाल्यांवर फिल्म केली, अधिकाऱ्यांपुढे नेऊन दाखवली. तेव्हाचे कॅमेरे केवढे जड! आपल्या हातातला मोबाईल त्यापुढे खेळणंच.

खरा पेच पुढेच होता. व्हिडिओच्या शेवटी फोन नंबर कुणाचा द्यायचा?

तालुक्याच्या बाजारातला एक व्यापारी या बुरुडकाकांची सुपं डझनाने उचलतो. व्हिडिओची बातमी त्याच्या कानावर गेली. त्याने निरोप धाडला, “पाच हजार मी देतो, शेवटी माझ्या दुकानाचं नाव आणि नंबर टाका.” पाच हजार! आमच्या सोळा जणींचे निम्म्याहून अधिक पैसे परत आले असते. गटात उघड-उघड दोन तट पडले. मला वाटत होतं, नंबर काकांच्याच घरचा हवा, नाहीतर हा सगळा खटाटोप व्यापाऱ्यासाठी. मी तसं काकांना म्हटलंसुद्धा. काका बराच वेळ बांबू सोलत राहिले. मग म्हणाले, “ताई, पावसात हात रिकामे असतात तेव्हा तो उचल देतो. तुमचा व्हिडिओ देणार का?”

याला उत्तर नव्हतं. आपण बाहेरची माणसं, ‘दलाल नको’ म्हणणं आपल्याला सोपं. ज्याला आषाढात पोराच्या दवाखान्याला दोन हजार लागतात, त्याला दलाल म्हणजे बँकही असते. आम्ही निर्णय त्यांच्या घरावर सोडला. चार दिवस गेले. शेवटी निर्णय घेतला तो धाकट्या सुनेने. दहावी झालेली, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, “मामंजी, नंबर आपला देऊ. पण त्याला सांगून देऊ. लपून नको.” आणि ती स्वतः सासऱ्यांना घेऊन त्याच्या दुकानात गेली. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं.

नंबर मात्र तिचा नेहमीचा दिला नाही. बाईचा नंबर गावभर फिरला की रात्री-अपरात्री कसले फोन येतात, ते आपण जाणतोच. म्हणून वेगळं सिम घेतलं, गटातल्या एकीने जुना स्मार्टफोन दिला, आणि व्हिडिओत लिहिलं: फोन सकाळी ११ ते संध्याकाळी ५. पाचनंतर तो फोन बंद! कातकरी जोडप्याच्या टोपल्यांसाठीही तोच नंबर, त्यांच्याच मर्जीने. पैसे कुणाचे किती, ते सून वहीत लिहिते आणि वाडीवर नेऊन पोचते करते.

किंमतही आम्ही व्हिडिओतच लिहिली. सूप २००, मोठी टोपली ३५०. “किंमत लिहिली की माणसं पळतात,” असा एक सल्ला मिळाला होता. पण किंमत न लिहिली की माणसं घासाघीस करतात! फार्महाऊसवाले दोन हजारांची पाण्याची बाटली-बिटली, बार्बेक्यू सगळं न बोलता घेतील आणि सुपाला “शंभरला द्या” म्हणतील. लिहिलेल्या आकड्याशी भांडायला जरा अवघड जातं.

आणि कारागिरांची नावं. व्हिडिओत प्रत्येकाच्या हाताखाली त्याचं नाव आणि गाव आलं. (इथे मी ती देत नाही, वर्तमानपत्रात यायचं का ते त्यांना विचारलेलं नाही.) नावाचं महत्त्व काय, ते त्याच जूनमध्ये साऱ्या जगाने पाहिलं. इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्याकडून ओरड झाली तेव्हा कंपनीला मान्य करावं लागलं. कोल्हापूरच्या मागे बोलायला कोल्हापूर होतं. आमच्या वाडीवरच्या टोपलीमागे कोण बोलणार? तिचं निदान नाव तरी असू दे.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच उतरला. कुंभारकाकांची भट्टी विझली, त्यामुळे त्यांचं भट्टीचं चित्रण तेव्हा झालंच नाही, ते दसऱ्यानंतर पणत्यांच्या वेळी केलं. बुरुडांचं मात्र बरं झालं. गौरी-गणपतीपूर्वी त्या नंबरवर ६५ सुपांची मागणी आली. गौरीच्या ओवशाला सूप प्लास्टिकचं चालत नाही ना! एका रिसॉर्टने ८० टोपल्या मागितल्या, आठ दिवसांत. सुनेने सांगितलं, तीसच होतील, बाकीच्या महिन्याने. ते “बघतो” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. चार हातांनी दिवसाला जितक्या होतात तितक्याच होणार. व्हिडिओ कितीही जणांनी पाहिला तरी हात वाढत नाहीत. हे गिऱ्हाइकाला समजावणं, हेच पुढचं काम.

बांबूचीही ओढाताण झाली. विणायला ओला, कोवळा बांबू लागतो, वाळका वाकत नाही. पूर्वी बांबू तोडून आणायचा म्हणजे वनखात्याचा धाक. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरच्या, म्हणजे आपल्या शेताच्या बांधावरच्या बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून वगळलं. त्याला तोडणी-वाहतुकीचा परवाना लागत नाही. हे गावात कितीतरी जणांना माहीतच नव्हतं! आता गटातल्या दोघींनी बांधावरचा बांबू काकांना द्यायचं कबूल केलंय. आणखी एक लक्षात ठेवा: १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कामं आहेत, त्यांत कुंभार आहेत, टोपल्या-चटया-झाडू करणारेही आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, शिवाय प्रशिक्षण आणि पाच टक्के व्याजाचं कर्ज, पहिल्या खेपेला एक लाखापर्यंत. घरातल्या एकालाच मिळतं. सुनेने सासऱ्यांचं नाव घातलं आहे.

व्यापाऱ्याचं काय झालं, ते विचाराल. श्रावणात त्याने उचल दिली नाही. घरात तंगी झाली. तेव्हा आमच्या बचत गटाने दोन हजार कर्जाऊ दिले, बाराआणे शेकडा नव्हे, गटाच्या नेहमीच्या व्याजाने. ते गणपतीनंतर फिटले. दिवाळी झाल्यावर तो स्वतः दारात आला. लग्नसराई तोंडावर, त्यालाही सुपं हवीच होती. साठ मागितली, आणि नगामागे दहा रुपये जास्त द्यायला तयार झाला. काकांनी सुनेकडे पाहिलं. ती वही उघडून म्हणाली, “चाळीस देऊ. वीस फोनवाल्यांची आहेत.”